खाड्याचा दंड आणि स्त्रीचे आरोग्य

दिवाळी सरली की बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू टापूतून ऊसतोड कामगारांचे तांडे साखर कारखान्यांच्या दिशेने निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको ही दोन माणसे नसतात. दोघे मिळून एक ‘कोयता’ होतो. उचल कोयत्याला मिळते आणि एक दिवस काम बुडाले तर खाड्याचा दंडही कोयत्यालाच बसतो. पाळी आली आहे, पोटात दुखते आहे, अंगावरून जाते आहे, ही कारणे त्या हिशेबात धरली जात नाहीत. फडालगतच्या कोप्यांत ना न्हाणीघर, ना शौचालय, ना पुरेसे पाणी.

या व्यवस्थेने स्त्रीच्या देहाकडून काय वसूल केले, त्याचा आकडा सरकारदप्तरीच आहे. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या चौकशीत, बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनही नव्हते.

लोभी डॉक्टरांवर ठपका ठेवून हा प्रश्न मिटत नाही. त्यांचा अपराध आहेच. परंतु साध्या जंतुसंसर्गासाठी ही बाई शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंत का पोहोचली, हा खरा प्रश्न आहे. श्वेतप्रदराचा त्रास सांगावा असा दवाखाना तिला जवळ नव्हता. खासगी रुग्णालयात कर्करोगाची भीती घातली गेली, तेव्हा ती खरी की खोटी हे पडताळून पाहण्याचे साधन तिच्याजवळ नव्हते. पाळीच गेली तर खाडाही जाईल, हा विचार तिच्या मनात आला असेल, तर तो तिचा निर्णय म्हणता येणार नाही; तो तिच्यावर लादलेला हिशेब होता.

आणि या भीतीवरचा उतारा शेजारच्याच जिल्ह्यात सिद्ध झालेला होता. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३० हजार ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास टाटा रुग्णालय आणि बार्शीचे कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच, पण वेळेवर केली, तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तर दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी केवळ सौम्य अॅसेटिक आम्लाच्या साहाय्याने तपासणी केली आणि हे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या ज्या भारतीय स्त्रियांची अशी तपासणी एकदा तरी झाली होती, त्यांचे प्रमाण दोन टक्केही भरले नाही. ज्ञान महाराष्ट्रात निर्माण झाले. ते मराठवाड्याच्या स्त्रीपर्यंत पोहोचविण्याची इच्छाशक्ती मात्र निर्माण झाली नाही.

दारिद्र्य हटल्यावाचून आरोग्य सुधारणार नाही, असे आपल्या चळवळीतही म्हटले जाते. हे अर्धसत्य आहे. धाराशिवच्या ज्या स्त्रियांचे प्राण वाचले त्यांचे दारिद्र्य काही हटले नव्हते. तपासणी त्यांच्या गावापर्यंत आली होती, एवढाच फरक. गडचिरोलीतील दोन गावांच्या, १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. दुखणे सार्वत्रिक आणि उपचार अपवादात्मक, हे चित्र तेव्हाच समोर आले होते.

शासनाला स्त्रीचे गर्भाशय आठवते ते उद्दिष्टपूर्तीच्या वेळी. १९७६ साली राज्य विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते बारगळले. याउलट, र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, ते स्त्रीला आपल्या देहाची मालकी मिळावी म्हणून. समाजवाद्यांची परंपरा ती आहे.

अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली राज्यांना बजावले. ते योग्यच झाले. परंतु अंकुश शस्त्रक्रिया रोखील; दुखणे बरे करायला दवाखानाच हवा. म्हणून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्रियांच्या तपासणीचा ठरलेला वार, गाळप हंगामात फडापर्यंत जाणारे फिरते पथक, शाळा सोडून आईबापांमागे जाणाऱ्या मुलींनाही एचपीव्हीची लस आणि आजारपणात दंडाविना रजा, या मागण्या पुढे आल्या पाहिजेत. त्यांचा खर्च कारखान्यांनीही उचलला पाहिजे. साखरेच्या उत्पादनखर्चात या स्त्रियांची प्रकृती आजवर फुकट धरली गेली आहे.

कार्यकर्त्यांनी या मागण्या महिला आघाडीकडे सोपवून मोकळे होऊ नये. मजुरीच्या दरवाढीसाठी कोयता बंद ठेवण्याची ताकद ज्या संघटनांनी दाखविली, त्यांनी मागणीपत्रात दराच्या कलमाखालीच आरोग्याचे कलम लिहावे. हा मजुरीचाच प्रश्न आहे. कारण ज्या मजुरीतून गर्भाशयाची किंमत वजा होते, ती कितीही वाढली तरी अपुरीच ठरणार.