आशा विकू नका, पुरावा द्या!

पार्किन्सन म्हणजे आपल्याकडचा कंपवात. मेंदूत डोपामाइन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हात थरथरतो, अंग आखडते, पाऊल उचलत नाही. लेवोडोपाची गोळी रसायनाची उणीव भरते, पण पेशींचे मरण थांबवत नाही. मग नव्या पेशीच मेंदूत का लावू नयेत?

हा प्रयत्न नवा नाही. स्वीडनमधील लुंड येथे १९८७ साली गर्भाच्या मेंदूतील पेशींचे रोपण झाले. काही रुग्ण सुधारले आणि जगभर आशा पसरली. मात्र २००१ साली अमेरिकेतील ४० रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. निम्म्यांना पेशी दिल्या होत्या, निम्म्यांच्या कवटीला नुसती छिद्रे पाडली होती. मुख्य कसोटीवर दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. उलट पेशी मिळालेल्या काहींना आवरता न येणाऱ्या हालचाली सुरू झाल्या. औषध कमी करूनही त्या थांबल्या नाहीत.

पुढे २००६ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी साध्या पेशीला मूळपेशीसारखे करून दाखवले. त्याच वाटेने क्योटो येथे ७ रुग्णांवर रोपण झाले. २०२५ साली निकाल प्रसिद्ध झाला : दोन वर्षांत गंभीर अपाय नाही, काहींच्या हालचालीत सुधारणा. बातमी चांगलीच आहे. पण रुग्ण मोजके आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही. सुधारणा पेशींमुळे की रुग्णाच्या आशेमुळे, हे अशा चाचणीतून कसे ठरणार? शिवाय एखादी अपक्व पेशी राहिली तर गाठीचा धोका, शरीराने पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आणि फळ दिसायला लागणारी वर्षे, हे प्रश्न आहेतच.

या विलंबाचाच काही दुकानदार फायदा घेतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पार्किन्सनवर मूळपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. चाचणीच्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे मागणे तर सरळ लूट आहे. जमीन किंवा दागिने विकून आलेल्या कुटुंबाने आधी विचारावे : परवानगी कुणाची? पुरावा कुठे?

शासनाने ही दुकाने बंद करावीत. तालुक्याच्या रुग्णालयात लेवोडोपा आणि व्यायामोपचार मिळालाच पाहिजे. आणि उद्या पेशींचा उपचार सिद्ध झालाच, तर तो केवळ धनिकांच्या मेंदूपुरता राहता कामा नये. त्याची तयारी आजपासून करा!