मुलांना लॅपटॉप घेऊन देताना



आमच्या घरांतून हल्ली एक नवी मागणी ऐकू येते. मुलगा किंवा मुलगी शाळेच्या शेवटच्या परीक्षा देऊन मोकळी होते आणि म्हणते, "मला डीजेचे काम शिकावयाचे आहे, स्वतः संगीत तयार करावयाचे आहे, त्यासाठी लॅपटॉप पाहिजे." वडिलांच्या कपाळाला आठ्या पडतात. आई म्हणते, असू दे, अभ्यासालाही उपयोगी पडेल. मग सगळे मिळून दुकानात जातात आणि विक्रेता जे पुढे ठेवील ते हप्त्याने घेऊन येतात. बहुधा ते यंत्र कॉम्प्युटरवरील खेळांसाठी बनविलेले, रंगीत दिव्यांचे आणि अडीच किलो वजनाचे असते. चार्जर धरला तर तीन किलोंच्या पुढे जाते. वर्षभरात ते घरच्या टेबलावरच राहू लागते.

ही मागणी उडवून लावण्यासारखी आहे असे आम्हांस वाटत नाही. पण तिच्यासाठी पैसा खर्च करावयाचा तर विचाराने करावा, आणि तो विचार वजनापासून सुरू व्हावा असे आमचे मत आहे. कारण संगीताचे काम करणाऱ्याचा लॅपटॉप घरी बसत नाही. तो साल वेर्तमध्ये जातो, हळदीच्या रात्री अंगणात जातो, गणेशोत्सवात देवळात जातो. बसने किंवा मेट्रोने जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर कंट्रोलर, हेडफोन आणि तारा आधीच असतात. त्यांत सव्वा किलोचे यंत्र असले तर तो ते नेतो, तीन किलोंचे असले तर कारणे सांगतो.

वडील मंडळींची तक्रार अशी की डीजेचे काम म्हणजे नुसता गोंगाट. आवाज कमी ठेवा असे सांगण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण कामाकडेही थोडे लक्ष देऊन पाहावे. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाताना लय तुटू द्यावयाची नसते. त्यासाठी मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजावे लागते. सहा मात्रांच्या अंगाने चालणाऱ्या सेगावरून चार ठोक्यांच्या हिंदी गाण्यावर यावयाचे तर कान तयार हवा. आमचे ढोलकीवाले हेच कान घेऊन बसत असत. ज्याला ढोलकी आवडते त्याने या मुलांना परके मानण्याचे कारण नाही.

आता यंत्राकडे येऊ. येथे दोन कामे वेगळी ओळखली पाहिजेत. तयार गाणी एकमेकांत मिसळून वाजविणे हे हलके काम आहे. साधारण चांगला लॅपटॉप ते करतो. फक्त चालू गाण्यातून गायकाचा आवाज आणि वाद्ये वेगळी काढण्याची जी नवी सोय आली आहे, ती यंत्राला बरीच दमविते. दुसरे काम म्हणजे संगीत तयार करणे. त्यात वीस-तीस आवाजांचे थर एकाच वेळी चालतात, प्रत्येकावर वेगळे संस्कार होतात. हे जड काम आहे. यासाठी १६ गिगाबाइट मेमरी ही किमान समजावी. हलक्या लॅपटॉपमध्ये मेमरी बहुधा कायमची जोडलेली असते, नंतर वाढविता येत नाही. म्हणून काटकसर करावयाची तर ती येथे करू नये.

साठवणीची जागा ५१२ गिगाबाइट पुरते. हिशेब सोपा आहे. चार मिनिटांचे चांगल्या प्रतीचे एम्‌पीथ्री गाणे सुमारे १० मेगाबाइटचे असते. म्हणजे पाच हजार गाणी ५० गिगाबाइटमध्ये मावतात. ध्वनिमुद्रणाला जास्त जागा लागते, तरी दोन माइक लावून दोन तास उत्तम प्रतीने मुद्रण केले तर साधारण २ गिगाबाइटच होतात. पुढे बाहेरची डिस्क जोडता येते.

विक्रेता प्रोसेसरचे मोठे आकडे सांगेल. त्यापेक्षा विलंबाची चौकशी करावी. माइकमध्ये गायिलेला सूर यंत्रातून फिरून हेडफोनमध्ये येईपर्यंत काही क्षण जातात. आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि यंत्र ते गठ्ठ्यागठ्ठ्याने उचलते. २५६ नमुन्यांचा गठ्ठा म्हणजे जवळजवळ ६ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे ३. हा विलंब जाण्याच्या वाटेवर आणि येण्याच्या वाटेवर असा दोन्हीकडे लागतो. एकूण विलंब साधारण १० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की गाणाऱ्याला खटकू लागतो. गठ्ठा लहान ठेवूनही जे यंत्र कटकट आवाज करीत नाही ते आपल्या कामाचे. विंडोजच्या यंत्रावर यासाठी ऑडिओ इंटरफेसचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर लागतो; मॅकमध्ये तशी व्यवस्था मुळातच असते.

पंख्याचाही विचार करावा. लहान आकाराचा मॅकबुक एअर सुमारे सव्वा किलोचा आहे आणि त्यात पंखाच नाही. त्यामुळे माइकजवळ ठेवला तरी घरघर मुद्रित होत नाही. पण खूप थर चढविले आणि आमच्या उन्हाळ्यात तासभर राबविला, तर तापून तो आपला वेग कमी करतो. विंडोजमध्ये थिंकपॅड एक्स१ कार्बन सुमारे एक किलोचा आहे. त्यात पंखा आहे, म्हणून मुद्रण करताना माइक जरा दूर ठेवावा. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे नवे विंडोज लॅपटॉप हलके आहेत, बॅटरीही पुष्कळ चालते. पण आपल्या कंट्रोलरचा ड्रायव्हर त्यावर चालतो की नाही हे विकत घेण्यापूर्वी पाहावे, नंतर नव्हे.

हलक्या लॅपटॉपला जोडण्या कमी असतात. कंट्रोलर सरळ लॅपटॉपला लावावा आणि डिस्क वगैरे हबला. स्वस्त हबमुळे ऐन लग्नात कंट्रोलर बंद पडतो. बॅटरी निदान पाच तास चालावी, आणि ती केवळ वीज गेली तर म्हणून नव्हे. पुष्कळ वेळा चार्जर लावला की स्पीकरमधून घुंघुं आवाज येतो आणि काढला की थांबतो. ज्याची बॅटरी चांगली त्याला चार्जर काढून ठेवता येतो. घरी वादळाच्या दिवसांत सर्व तारा भिंतीतून काढाव्यात हे सांगावयास नकोच.

सगळ्यांनाच नवे यंत्र परवडत नाही. जुने घ्यावयाचे तर दोन गोष्टी विसरू नयेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून विंडोज ११ चालणारेच यंत्र घ्यावे. मॅक घ्यावयाचा तर २०२० च्या अखेरीस आलेल्या एम१ चिपचा किंवा त्यानंतरचा घ्यावा. इंटेलच्या मॅकसाठी २०२५ सालची प्रणाली ही शेवटची आहे. मेमरी, बॅटरी आणि जोडण्या विक्रेत्यासमोर तपासाव्यात.

हाती जितके पैसे असतील त्यांतले दोन भाग लॅपटॉपला द्यावेत आणि तिसरा भाग राखून ठेवावा. त्यात दोन माइक लागतील असा लहान ऑडिओ इंटरफेस, एक बरा माइक, बंद हेडफोन आणि बाहेरची डिस्क एवढे घ्यावे. महागड्या यंत्राला वाईट माइक लावला तर आवाज वाईटच येणार. सॉफ्टवेअरसाठी चोरीचा मार्ग धरू नये. त्याबरोबर व्हायरस येतो आणि मुलाला वाईट वळणही लागते. ऑडॅसिटी आणि मिक्स फुकट आहेत, मॅकवर गॅरेजबँड फुकट आहे, आणि पुष्कळ इंटरफेसबरोबर एबलटन लाइव्हची छोटी आवृत्ती मिळते. शिकावयास एवढे पुष्कळ झाले.

वाचक विचारतील, मराठी पानावर एवढे यंत्रपुराण कशासाठी? सांगतो. आमच्या पूर्वजांनी कोकणातून जी गाणी आणली, ती पुस्तकांतून आली नाहीत. ती तोंडातून तोंडी आली. झाकरीची गाणी, लग्नातली हळदीची गाणी, आजीच्या ओव्या ही सर्व माणसांच्या आठवणीत आहेत, आणि ती माणसे म्हातारी झाली आहेत. ज्या घरी शब्द माहीत आहेत तेथे चाल विसरली आहे. ज्या घरी चाल आहे तेथे अर्धे शब्द गेले आहेत. आम्ही वर्गात मराठी शिकवितो, पण आजीच्या गळ्यातली हेल फळ्यावर लिहिता येत नाही. ती मुद्रितच करावी लागते. आणि आजी स्टुडिओत येणार नाही. लॅपटॉपला तिच्या घरी गेले पाहिजे. हलके यंत्र घ्या असे आम्ही म्हणतो त्याचे मोठे कारण हे आहे.

आमच्या शेजाऱ्यांकडे पाहा. सेगाला युनेस्कोच्या यादीत २०१४ साली स्थान मिळाले, भोजपुरी गीत-गवईला २०१६ साली. गीत-गवईसाठी आमच्या भोजपुरी भगिनींनी गावोगाव शाळा चालविल्या, म्हाताऱ्या बायकांकडून तरुणींनी गाणी घेतली. आम्हांस त्यांचा हेवा वाटू नये, त्यांचे अनुकरण करावेसे वाटावे. यादी दूरची गोष्ट आहे. आधी आपल्याजवळ आपलीच गाणी तरी असावीत.

म्हणून आमची मंडळांना एक सूचना आहे. प्रत्येक मंडळाने एक हलका लॅपटॉप, एक इंटरफेस आणि दोन माइक यांचा संच सामाईक घ्यावा. ज्या मुलांना परवडत नाही त्यांनी त्यावर शिकावे. बदल्यात प्रत्येकाने वर्षाकाठी दोन वृद्धांची गाणी मुद्रित करून द्यावीत. गाणाऱ्याची परवानगी आधी घ्यावी; त्याचे नाव, गाव आणि तारीख फाइलला लावावी; दोन प्रती दोन घरी ठेवाव्यात. शब्द देवनागरीत उतरवून घेण्याचे काम आम्हां शिक्षकांकडे द्यावे. आम्ही ते आनंदाने करू.

पुढे त्या गाण्याखाली मुलांनी नवे ठोके घातले तर वडील मंडळींनी लगेच रागावू नये. मूळ मुद्रण जसेच्या तसे राखून ठेवा एवढी अट घालावी आणि बाकी त्यांना करू द्यावे. जे गाणे तरुणांच्या नाचात येईल ते त्यांच्या ओठांवर राहील. येत्या गणेशोत्सवापूर्वी निदान एक-दोन मंडळांनी ही सुरुवात करावी, आणि ज्या घरी लॅपटॉप आधीच आला आहे त्या घरच्या मुलाने तर पुढच्या रविवारीच आजीकडे जावे.