सकाळची वाट कशाला पाहायची?

पहिला पाऊस पडला, की आम्हा रावेरच्या बाया केळीच्या बागांकडे कौतुकानं बघतो. मला मात्र त्याच दिवसांत जाऊबाईंचा मुलगा आठवतो.

सहा वर्षांचं पोर. दुपारी ताप, संध्याकाळी दोन उलट्या, रात्री झटका. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. आई म्हणत होती, दवाखान्यात नेऊ. पण पोराचा बाप केळीच्या गाडीबरोबर परगावी गेलेला. सासूबाई म्हणाल्या, "तो येऊ दे, सकायी नेऊ." सकाळी पोर हाकेला ओ देईना.

मेंदूज्वर होता. कोणत्या विषाणूचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पोर वाचलं, पण उजवा हात कायमचा अधू झाला, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. आज तो मिसरूड फुटलेला मुलगा आहे आणि त्याला घास आईच भरवते. "वाचला ना, देवाची कृपा," असं म्हणणाऱ्यांपैकी कोणी त्याला एक दिवस सांभाळून दाखवावं!

मैत्रिणींनो, हा आजार सकाळपर्यंत थांबत नाही. चांदीपुरा विषाणूचंच बघा. 1965 साली आपल्याच नागपूरकडच्या चांदीपुऱ्यात तो सापडला. भिंतीच्या भेगांत, गोठ्यात राहणारी, डासाहूनही बारीक वाळूमाशी तो पसरवते. ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी. आणि कित्येक मुलं 48 तासांच्या आत जातात. 2003 साली आंध्रात 329 मुलं आजारी पडली, 183 गेली. 2024 च्या पावसाळ्यात शेजारच्या गुजरातेसह देशात मेंदूज्वराचे 245 रुग्ण निघाले, 82 दगावले. चांदीपुऱ्यावर लस नाही, खास औषधही नाही. डासांमुळे होणाऱ्या जपानी मेंदूज्वराला लस आहे, पण तो झालाच तर वाचलेल्यांपैकी तीस ते पन्नास टक्के लोकांत काही ना काही व्यंग मागे राहतं.

मग दवाखान्यात जाऊन करायचं काय, असं विचारणारे भेटतात. अहो, झटके थांबवणं, प्राणवायू देणं, मेंदूची सूज आवरणं हे घरी होतं का? घरी एवढंच करावं, की पोराला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये आणि निघावं.

निघावं, म्हटलं खरं. पण आपल्याकडे बाईला पोर उचलून घराबाहेर पडायलाही परवानगी लागते, पैसे मागावे लागतात. राग मला त्या माशीपेक्षा याचा जास्त येतो. सासूबाई काही वाईट नव्हत्या. त्यांनाही उभ्या जन्मात कोणी एकटीनं निर्णय घेऊ दिला नव्हता.

गेल्या वर्षी जाऊबाईंच्या शेजारच्या मुलीला रात्री तापात झटका आला. घरात विचारविनिमय सुरू झाला. जाऊबाईंनी कोणालाच विचारलं नाही. 108 ला फोन लावला आणि पोरीच्या आईला हाताला धरून गाडीत बसवलं. साधा तापातला झटका निघाला, तिसऱ्या दिवशी पोर घरी आली. "उगाच घाई केली," असं तिचा बाप अजून म्हणतो. जाऊबाई ऐकून घेतात आणि लेकाला भरवायला बसतात.