मोडेमला दिलेली चिठ्ठी

परवा वर्गात एकानं विचारलं, "बाई, पूर्वी इंटरनेटला आवाज यायचा म्हणे! खरंच?"

खरंच यायचा. आणि केवढा! आधी टूंऽऽ, मग टीटी-टूटू, मग जोरात खर्रर्र!

मी चौथीत होते, म्हणजे २००० साली. सुट्टीत मामाकडे गेले होते. मामाच्या संगणकावर लिनक्स होतं. विंडोजसारखीच संगणक चालवणारी ही प्रणाली, पण युनिक्सच्या वळणाची. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं ती १९९१ साली सुरू केली. तेव्हा इंटरनेट यायचं टेलिफोनच्या तारेतून. ती तार माणसाच्या आवाजासाठी बनवलेली. तिला संगणकाचे शून्य आणि एक कुठले कळायला! म्हणून मध्ये मोडेम बसवायचा. तो आकड्यांचा आवाज करतो आणि आवाजाचे पुन्हा आकडे. ती खर्रर्र म्हणजे दोन मोडेमच्या गप्पा!

पण मोडेमला स्वतःची अक्कल नसते. काय करायचं ते त्याला लिहून द्यावं लागतं. लिनक्समध्ये 'चॅट' नावाचा छोटासा प्रोग्राम आहे, त्याच्यासाठी मामानं चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीची गंमत अशी, की प्रत्येक ओळीत दोनच गोष्टी: काय ऐकायचं आणि ते ऐकल्यावर काय बोलायचं. मोडेम 'ओके' म्हणाला, की म्हणायचं 'एटीडीटी' आणि पुढे फोन नंबर. (जुन्या एक्स्चेंजला टोन कळत नसे, तिथे 'एटीडीपी' लिहायचं. मग नंबर टकटक टकटक करत लागायचा.) 'कनेक्ट' ऐकू आलं, की थांबायचं. 'लॉगिन' ऐकू आलं, की आपलं नाव सांगायचं. 'पासवर्ड' ऐकलं, की पासवर्ड. फोन एंगेज लागला, तर सरळ नाद सोडायचा. हे सगळं जमलं, की चॅटचं काम संपलं. पुढची सूत्रं 'पीपीपीडी' या प्रोग्रामकडे. तो पलीकडून आपल्या संगणकाला पत्ता मागून घ्यायचा.

ताई नुकतीच अमेरिकेला गेली होती. तिची ई-मेल आली असणार म्हणून आजी रोज संध्याकाळी खुर्ची ओढून बसायची. आणि कनेक्शन काही लागेना! खर्रर्र व्हायचं, मग शांतता. ४५ सेकंद झाले, की फोन कट. पुन्हा फोन, पुन्हा कट. प्रत्येक कॉलचं बिल वेगळं! शिवाय तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. मामी वैतागली, "इकडे कुणाचा निरोप आला तर कळायचं कसं?"

तिसऱ्या रात्री मामानं चॅटला 'व्ही' हा पर्याय जोडला. म्हणजे चॅट जे जे ऐकेल, ते ते नोंदवहीत लिहून ठेवील. नोंद वाचली आणि मामानं कपाळावर हात मारला! मामाच्या चिठ्ठीत 'लॉगिन'चा 'एल' लहान लिपीतला होता आणि पलीकडून येत होता मोठ्या लिपीतला. आपल्याला दोन्ही सारखेच, पण युनिक्सच्या घरात लहान 'एल' वेगळा आणि मोठा 'एल' वेगळा. चॅट बिचारा लहान 'एल'ची वाट बघत ४५ सेकंद ताटकळायचा!

मामानं तो मोठा केला असेल असं वाटतं ना? छे! त्यानं पहिलं अक्षरच खोडलं. आता चॅटनं फक्त 'ऑगिन' ऐकायचं. पुढे 'एल' लहान येवो की मोठा, आपल्याला काय त्याचं? जुन्या युनिक्सवाल्यांची ही युक्ती आहे. मला तर ती अजून आवडते.

पासवर्ड त्या चिठ्ठीत उघडाच लिहिलेला असायचा, म्हणून मालकाशिवाय कुणालाच वाचता येऊ नये असं कुलूप मामानं त्या फाइलला लावलं. मी डोकावले तर मलाही हाकललं!

चौथ्या रात्री कनेक्शन लागलं. वेग बघा: सगळ्यात चांगला मोडेम सेकंदाला ५६ हजार बिट्सचा. एक मेगाबाइटचा फोटो यायला अडीच-तीन मिनिटं, तेही लाइन धड असली तर. ताईनं फोटो नव्हता पाठवला. चारच ओळी होत्या. मामानं मोठ्यानं वाचल्या. आजीनं पुन्हा वाचायला लावल्या, मग तिसऱ्यांदा. इतक्यात मामी म्हणाली, "आता ठेवा तो फोन!"

आता तुमचं काम. मित्राच्या घरी फोन केलात आणि उचलला त्याच्या आजोबांनी, तर काय ऐकायचं, काय बोलायचं? लिहा तुमची चिठ्ठी. आणि हो, आजोबा 'हॅलो' म्हणतील की 'कोण?', याचाही विचार करा!