फोटो कुठे काढावा?

कुटुंबाचा फोटो घराबाहेर काढायचे ठरले की मुले म्हणतात, "येलदरीला जाऊ!" जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. जागा सुंदर आहे; पण थकलेल्या दादीला इतका प्रवास झेपेल का? तिला घरी ठेवले, तर तो फोटो कुटुंबाचा कसा? म्हणून घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाची सोय पाहूनच जागा निवडावी, असे मला वाटते. मे महिन्यात परभणीत पारा ४० अंशांपुढे जातो. दुपारच्या उन्हात डोळे मिटतात, चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. सकाळचे कोवळे ऊन आणि अंगणातला कडुनिंब पुरेसा आहे. धरण पुन्हा पाहता येईल. दादी मात्र नेहमी असणार नाही.