टॉवरची भीती आणि रेडिएशनचा ताईत

वस्तीत मोबाईल टॉवर उभा राहिला की कॅन्सरची चर्चा सुरू होते आणि पाठोपाठ 'रेडिएशनविरोधी' स्टिकर विकणारा येतो. १९५६ साली धम्मदीक्षा घेऊन गंडेदोरे फेकणाऱ्या समाजाने हा नवा ताईत का बांधावा? स्टिकर लहरी अडवत असता तर फोन तरी लागला असता काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकल्या. म्हणजे संशय आहे, पण पुरावा अपुरा आहे. अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथाईवर येते. म्हणूनच दूरच्या टॉवरपेक्षा तासभर कानाला चिकटलेला फोन डोक्याला जास्त लहरी देतो. तारेचा इयरफोन वापरणे आपल्या हाती आहे.

तरीही शंका असेल तर मोजणी मागावी. केंद्राने २०१७ साली त्यासाठी 'तरंग संचार' संकेतस्थळ काढले, पण मोजणीचे शुल्क ठेवले ४,००० रुपये! नाक्यावरच्या मजुराने ते कोठून आणायचे? हा खर्च टॉवर कंपनीवर टाका, अशी मागणी आपल्या नगरसेवकांनी लावून धरली पाहिजे.

आणि झोपड्यांवरून गेलेल्या हायटेन्शन तारांचे काय? पतंग काढायला पत्र्यावर चढलेले पोर तिथे जागीच जाते. त्यासाठी कोणत्या संशोधनाची वाट पाहायची? मोर्चा काढायचाच तर आधी त्या तारा हटवण्यासाठी काढा.