मौलानांनी अर्ज केला नाही

11 नोव्हेंबर जवळ आला की मौलाना आझादांचे फोटो मोबाईलवर फिरू लागतात. 'देशाचे पहिले शिक्षणमंत्री', 'हिंदू-मुस्लिम ऐक्याचे पुरस्कर्ते' अशा दोन ओळी आणि खाली सलाम. मीही दरवर्षी ते पुढे पाठवतो. पण त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग असा आहे की तो आठवला की माझीच मान खाली जाते.

9 ऑगस्ट 1942 रोजी पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक झाली आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. मौलाना तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. सोबत नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. त्याआधी काही दिवस मौलाना कलकत्त्याहून निघाले, तेव्हा त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम दारापर्यंत आल्या होत्या. 'खुदा हाफिज' एवढेच म्हणाल्या.

मार्च 1943 मध्ये त्यांचा आजार वाढल्याची बातमी किल्ल्यात आली. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सांगितले, सरकारला काही कळवायचे असेल तर मी लगेच मुंबईला पाठवतो. मौलाना म्हणाले, मला सरकारकडे काही मागायचे नाही. मग तो अधिकारी नेहरूंकडे गेला. नेहरू येऊन बोलले. त्यांनाही तेच उत्तर मिळाले. 9 एप्रिलला झुलेखा बेगम गेल्या.

कोणी म्हणेल, हा कठोरपणा झाला. आजारी बायकोला भेटायची परवानगी मागण्यात काय गैर होते? खरेच, काही गैर नव्हते. पण त्या वेळी हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते. त्यांच्याही घरी कोणी ना कोणी अंथरुणाला खिळलेले असणारच. त्यांच्यासाठी कोण मुंबईला निरोप पाठवणार होते? ज्याच्या हाकेवर लोक तुरुंगात गेले, त्याने स्वतःपुरती सवलत मागायची नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

'गुबार-ए-खातिर'मध्ये मौलाना स्वतःला महात्मा म्हणून उभे करत नाहीत. त्या दिवसांत रोजचा दिनक्रम मोडला नाही, चेहरा शांत ठेवला. पण ते सगळे वरवरचे होते, आतून मन पोखरले जात होते, अशी कबुली ते देतात. मला हा माणूस जवळचा वाटतो तो या कबुलीमुळे. दुःख न होणारा माणूस आपल्या काय कामाचा?

आता माझे सांगतो. काही वर्षांपूर्वी घरातल्या एका मुलाच्या कॉलेज प्रवेशासाठी मी एका लोकप्रतिनिधीचे शिफारसपत्र आणले. यादीत त्याचे नाव खाली होते. पत्राने काम झाले. घरी मिठाई आली, अम्मीने दुआ दिली. यादीत त्याच्या वर असलेल्या कोणाची जागा गेली असेल, हा विचार मला शिवलाही नाही. त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला मी एका कार्यक्रमात मौलानांवर भाषण केले आणि टाळ्या घेतल्या.

आपल्या समाजात मौलानांचे नाव बहुतेक वेळा पुरावा म्हणून पुढे केले जाते: बघा, आमचेही योगदान आहे. तसे बोलायची वेळ आपल्यावर का येते, हे मला कळते. पण आझाद, गांधी, शास्त्री ही माणसे कोणाला दाखवण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र नाहीत. त्यांचे किस्से इतरांना ऐकवण्याआधी स्वतःला लावून पाहायला हवेत. आपल्या पोरांना आपण मौलाना शिकवतो आणि संध्याकाळी त्यांच्यादेखत ओळखीच्या माणसाला फोन लावतो. पोरे त्यातले काय शिकतात, हे वेगळे सांगायला नको.

1945 मध्ये सुटका झाल्यावर मौलाना कलकत्त्यात उतरले आणि पत्नीच्या कबरीवर गेले. तीन वर्षांपूर्वी त्या दारापर्यंत निरोप द्यायला आल्या होत्या.

या वर्षी मी फोटो पाठवणार नाही. घरातला धाकटा आता बारावीला आहे. त्याला हा प्रसंग सांगेन, आणि माझ्या त्या शिफारसपत्राचाही. यादीत नाव आले तर आले.